उघड्या टॅबांचा हिशेब : ब्राउझर आणि मेमरी या विषयाची प्रस्तावना

संगणकावरील सर्वाधिक मेमरी व्यापणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वेब ब्राउझरचा क्रमांक आज फार वरचा लागतो आणि त्याबद्दलची तक्रारही तितकीच सार्वत्रिक आहे. परंतु ती मेमरी नेमकी कशासाठी लागते, कोणाच्या वतीने धरून ठेवली जाते आणि केव्हा सोडली जाते, याचा विचार तक्रारीच्या मानाने फारच थोडा झालेला आहे. येथे मेमरी म्हणजे रॅम : चालू कामाला लागणारी माहिती जिथे तात्पुरती राहते आणि वीज गेली की पुसली जाते, ती जागा. ही जागा मर्यादित असते, तिच्यावर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅमचा हक्क असतो आणि ती अपुरी पडली की ऑपरेटिंग सिस्टीम कमी वापरातली माहिती दाबून लहान करते किंवा डिस्कवर हलवते. ओट्यावर मावेनासे झालेले सामान माळ्यावर टाकावे आणि लागेल तेव्हा शिडी लावून खाली काढावे, तसाच हा व्यवहार असल्यामुळे चाळीस टॅब उघडलेला संगणक अडखळू लागतो.

ब्राउझर मेमरी ‘खातो’ असे बोलताना उधळपट्टीचा आरोप गृहीत धरलेला असतो. तो काही वेळा खराही असतो. पुष्कळदा मात्र ज्या मेमरीबद्दल ओरड होते ती वेगासाठी, सुरक्षिततेसाठी, किंवा मागच्या पानावर परतताना ते तत्काळ दिसावे एवढ्यासाठी, पूर्ण विचारांती खर्च केलेली असते. म्हणूनच किती मेगाबाइट गेले याहून, ते खर्च करायचे हे कोणी ठरवले आणि त्याचा भार कोणाच्या यंत्रावर पडला, हा प्रश्न मोलाचा ठरतो. त्याचा मागोवा घेण्यास जर्मनी ही विशेष सोयीची भूमी आहे, कारण आजच्या बहुसंख्य ब्राउझरांचा मूळपुरुष तेथील एका मुक्त प्रकल्पात जन्मला, नको झालेली मेमरी परत मिळवण्याच्या तंत्रावरील महत्त्वाचे काम म्युनिकमध्ये झाले, मेमरीचा खर्च वाढवणाऱ्या सुरक्षाविषयक शोधात ड्रेस्डेनच्या संशोधकांचा वाटा होता, आणि ब्राउझरच्या मेमरीत जे तयार होते त्यावर हक्क कोणाचा, हा वाद सध्या तेथील न्यायालयांत चालू आहे.

१४ ऑक्टोबर १९९६ रोजी ट्युबिंगेन विद्यापीठातील मातियास एट्रिख या विद्यार्थ्याने युनिक्स संगणकांसाठी सामान्य माणसालाही वापरता येईल असा डेस्कटॉप उभारण्याचे आवाहन केले आणि त्यातून केडीई हा प्रकल्प सुरू झाला. याच प्रकल्पात केएचटीएमएल हे इंजिन आकाराला आले. इंजिन म्हणजे ब्राउझरचा तो भाग, जो संकेतस्थळाकडून आलेली संहिता वाचून पडद्यावरचे पान रचतो. लार्स क्नोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची नव्याने बांधणी केली आणि ऑक्टोबर २००० मध्ये केडीईच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर, कॉन्करर या ब्राउझरच्या रूपाने, ते लोकांच्या हाती आले. जानेवारी २००३ मध्ये ॲपलने सफारी जाहीर केला, तेव्हा केडीईच्या मंडळींना कळवण्यात आले की हे इंजिन आणि त्याच्या जोडीचे जावास्क्रिप्ट इंजिन यांची संहिता मिळून १,४०,००० ओळींपेक्षा कमी भरते आणि हा आटोपशीरपणा निवडीचे एक कारण होता. ॲपलकडे त्याचे वेबकिट झाले, २००८ मध्ये गूगलचा क्रोम वेबकिटवर उभा राहिला आणि २०१३ मध्ये गूगलने त्यातून ब्लिंक ही स्वतंत्र शाखा काढली. मूळ केएचटीएमएल केडीईच्या २०२४ मधील सहाव्या आवृत्तीत वगळले गेले. तरी क्रोम आणि सफारी प्रत्येक संकेतस्थळाला आपली ओळख सांगणारी जी ओळ पाठवतात, तिच्यात केएचटीएमएल हे नाव आजही असते.

आटोपशीर म्हणून निवडलेल्या इंजिनाचे वंशज आज जड म्हणून ओळखले जातात, याचे कारण इंजिनापेक्षा वेबच्या बदललेल्या स्वरूपात शोधावे लागते. २००० साली पान हा बहुधा वाचण्याचा दस्तऐवज असे; आज ते पान म्हणजे चालता प्रोग्रॅम असतो, आणि ईमेल, हिशेबाचे तक्ते, चलचित्र-बैठका हे सारे त्याच चौकटीत चालते. पान उघडताच ब्राउझर त्याच्या संहितेपासून घटकांची एक वृक्षरचना मेमरीत उभी करतो, जिला डॉम म्हणतात. प्रत्येक घटकाचा रंग, आकार आणि जागा ठरवणारे शैलीचे नियम त्याला जोडतो. कोणता घटक पडद्यावर कोठे येईल याची मांडणी काढतो. आणि शेवटी ही मांडणी चित्ररूपात उतरवतो. यांपैकी प्रत्येक टप्प्याचे फलित मेमरीत राहते, कारण पान जरासे सरकवले तरी सारे पुन्हा पहिल्यापासून करणे वाचकाला सहन होण्याजोगे नसते.

छायाचित्रांचा हिशेब या बाबतीत फार बोलका आहे. ४,००० बाय ३,००० बिंदूंचे छायाचित्र दाबलेल्या फाइलच्या रूपात तीन-चार मेगाबाइटमध्ये मावते, परंतु पडद्यावर दाखवण्यासाठी ते उलगडले की प्रत्येक बिंदूला चार बाइट लागतात आणि एकूण ४ कोटी ८० लाख बाइट होतात. अशी दहा छायाचित्रे मूळ आकारात टाकणारे बातमीचे पान वाचकाच्या इंटरनेटवर जितका भार टाकते, त्याच्या कितीतरी पट भार त्याच्या मेमरीवर टाकू शकते. दृष्टीआड गेलेली चित्रे ब्राउझर पुन्हा दाबलेल्या रूपावर आणू शकतो; पण मग वाचक मागे फिरला की ती नव्याने उलगडण्यात प्रोसेसरचा वेळ जातो. मेमरी वाचवावी तर वेळ जातो आणि वेळ वाचवावा तर मेमरी जाते, ही ओढाताण या विषयात पावलोपावली भेटते.

मजकुराचा खर्च चित्रांच्या मानाने अगदी लहान, तरीही मराठी वाचकाने तो एकदा पाहण्यासारखा आहे. क्रोममधील व्ही८ हे जावास्क्रिप्ट इंजिन ज्या मजकुरातील सर्व अक्षरे लॅटिन-१ या जुन्या संचात बसतात तो दर अक्षराला एक बाइट या दराने साठवते, आणि त्या संचाबाहेरचे एक जरी चिन्ह आले तर त्या संपूर्ण मजकुराला दर चिन्हामागे दोन बाइट देते. जर्मन भाषेची दोन टिंबांची स्वराक्षरेही या संचात बसत असल्याने म्युनिकचे सात अक्षरी जर्मन नाव सात बाइटमध्ये राहते. ‘म्युनिक’ हे देवनागरी रूप काना-मात्रा आणि हलन्त धरून सातच संकेतांचे असूनही त्याला चौदा बाइट लागतात. जर्मन मजकुरात युरोचे चिन्ह किंवा खाली टेकलेले जर्मन अवतरणचिन्ह आले की त्यालाही हाच दुहेरी दर लागू होतो. एखाद्या लेखाच्या बाबतीत हा फरक नगण्य आहे, परंतु हजारो नोंदी ब्राउझरमध्ये भरून घेणाऱ्या मराठी शब्दकोशाला किंवा मतदारयादीला तो जाणवू शकतो, आणि अशी साधने रचणाऱ्यांनी तो आधीच हिशेबात धरलेला बरा.

व्ही८ चा आरंभ डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे झाला आणि पुढे त्याच्या विकासाचे मोठे केंद्र गूगलच्या म्युनिक येथील कार्यालयात आले. जावास्क्रिप्ट लिहिणारा मेमरी मागतो, पण ती परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. ज्या वस्तूपर्यंत पोहोचण्याचा एकही मार्ग प्रोग्रॅममध्ये उरलेला नाही ती निरुपयोगी, असे मानून इंजिन तिची जागा मोकळी करते. या क्रियेला गार्बेज कलेक्शन म्हणतात. बहुतेक वस्तू जन्मल्यानंतर लगेच निरुपयोगी होतात, हे निरीक्षण तिच्या मुळाशी आहे. म्हणून नव्या वस्तूंसाठी एक लहान विभाग राखून तो वारंवार तपासला जातो आणि त्यातून तगलेल्या वस्तू मोठ्या, क्वचित तपासल्या जाणाऱ्या विभागात हलवल्या जातात. अडचण अशी की तपासणी चालू असताना पानाचे काम थांबवावे लागते आणि पडदा सेकंदाला साठ वेळा ताजा व्हायचा असेल तर प्रत्येक वेळेसाठी १७ मिलिसेकंदही मिळत नाहीत. तपासणी लांबली की पान झटके खाते.

ओरिनोको या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रयत्नांत ही तपासणी तुकड्यांत विभागण्यात आली, तिचा मोठा भाग पानाचे काम चालू असतानाच वेगळ्या धाग्यांवर नेण्यात आला आणि काही भाग ब्राउझर रिकामा असतानाच्या क्षणांत बसवण्यात आला. हानेस पायर, उलान देगेनबाएव, मिखाएल लिपाउट्झ ही नावे या कामाशी जोडलेली आहेत. निष्क्रिय टॅबमधील साफसफाईमुळे जीमेलसारख्या पानाची जावास्क्रिप्ट मेमरी ४५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, असे या चमूने २०१५ मध्ये नोंदवले. त्याहून कठीण प्रश्न दोन प्रदेशांच्या सीमेवरचा होता. डॉमच्या वस्तू सी++ मध्ये लिहिलेल्या इंजिनाच्या मालकीच्या, तर त्यांना हात लावणाऱ्या वस्तू जावास्क्रिप्टच्या. दोघी एकमेकींना धरून बसल्या आणि प्रत्येक प्रदेशाचा सफाईकार आपल्याच हद्दीत पाहत राहिला, तर दोन्ही निरुपयोगी होऊनही सुटत नाहीत. दिवसभर उघडे राहिलेले पान संध्याकाळपर्यंत फुगत जाण्यामागे अशा सुप्त गळत्या असू शकत. दोन्ही प्रदेश एकाच तपासणीत ओलांडणारी पद्धत या चमूने २०१८ मध्ये शोधनिबंधातून मांडली. इंजिनाच्या इतिहासात अशा कामाचा गाजावाजा होत नाही. वास्तविक दीर्घकाळ ब्राउझर उघडा ठेवणाऱ्याचे हित नव्या सुविधांपेक्षा यातच अधिक साधले गेले आहे.

तरीही एक मर्यादा कायम राहते. ज्या वस्तूपर्यंत पोहोचण्याचा मार्ग शिल्लक आहे ती इंजिनाच्या लेखी उपयोगीच असते, मग तो मार्ग पान लिहिणाऱ्याने केवळ विसरून उघडा ठेवलेला का असेना. अशी मेमरी कोणतेही इंजिन सोडवू शकत नाही. तिची जबाबदारी पान रचणाऱ्याची असते. मेमरी काटकसरीने मांडण्याचे उपाय मात्र इंजिनाच्या हाती असतात : २०२० मधील क्रोमच्या ८० व्या आवृत्तीत वस्तूंचे आठ बाइटचे पत्ते चार बाइटमध्ये बसवण्यात आले, त्यामुळे व्ही८ च्या मेमरीत ४३ टक्क्यांपर्यंत बचत झाली आणि मोबदल्यात त्या साठ्यावर ४ गिगाबाइटची कमाल मर्यादा स्वीकारावी लागली.

मेमरीचा खर्च वाढवणारी सर्वांत मोठी घटना या काळात घडली ती सुरक्षिततेच्या बाजूने. ३ जानेवारी २०१८ रोजी मेल्टडाउन आणि स्पेक्टर ही प्रोसेसरमधील दोन छिद्रे जाहीर झाली; मेल्टडाउन स्वतंत्रपणे शोधणाऱ्यांत ड्रेस्डेनच्या सायबरस टेक्नॉलॉजीचे वेर्नर हास आणि थॉमस प्रेशर होते, आणि दोन्ही छिद्रांच्या शोधात गूगलमधील जर्मन संशोधक यान होर्न यांचा वाटा होता. प्रोसेसर पुढचे काम अंदाजाने आधीच करून ठेवतो आणि अंदाज चुकला तर ते टाकून देतो, पण त्या टाकलेल्या कामाच्या खुणा मागे राहतात. स्पेक्टरने दाखवले की या खुणांवरून एखाद्या पानातील जावास्क्रिप्टही त्याच प्रोसेसमधील, तिच्या हक्काबाहेरची मेमरी वाचू शकते. प्रोसेस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमने स्वतंत्र मेमरी देऊन इतरांपासून वेगळा ठेवलेला चालता प्रोग्रॅम. क्रोम २००८ पासूनच पानांसाठी अनेक प्रोसेस वापरत असे, परंतु बँकेचे पान आणि परक्या संकेतस्थळाची जाहिरात एकाच प्रोसेसमध्ये येण्यास त्यात वाव होता. स्पेक्टरनंतर, २०१८ मधील ६७ व्या आवृत्तीत, प्रत्येक संकेतस्थळाला वेगळी प्रोसेस देण्याची पद्धत डेस्कटॉपवर जवळजवळ सर्वांसाठी लागू झाली. प्रत्येक प्रोसेसला स्वतःचा जावास्क्रिप्टचा साठा आणि स्वतःची अंतर्गत रचना लागत असल्याने एकूण मेमरी १० ते १३ टक्के वाढते, हे गूगलने तेव्हाच सांगितले होते. हा खर्च योग्य होता. पासवर्ड परक्याच्या हाती जाण्यापेक्षा दहाव्या हिश्शाची मेमरी गेलेली परवडते.

मात्र तो सर्वांना सारखा परवडला नाही. अँड्रॉइडवर २०१९ मध्ये हे संरक्षण आले ते किमान २ गिगाबाइट रॅम असलेल्या फोनवर, आणि तेही वापरकर्ता पासवर्ड टाकतो अशा संकेतस्थळांपुरते. त्याहून लहान फोन वापरणाऱ्याला, म्हणजे भारतात ज्याच्याकडे इंटरनेटचे दुसरे साधन असण्याचा संभव कमी त्यालाच, ते मिळाले नाही. मेमरीचा प्रश्न येथे सोयीचा राहत नाही, न्यायाचा होतो.

अनेक प्रोसेसांमुळे मोजणीतही घोटाळा होतो, याची नोंद येथेच केलेली बरी. टास्क मॅनेजरमधील ब्राउझरच्या वीस ओळींची बेरीज करणारा वापरकर्ता बहुधा चुकीच्या आकड्यावर पोहोचतो, कारण इंजिनाच्या संहितेसारखा काही भाग सर्व प्रोसेस मिळून वापरतात आणि मोजण्याची पद्धत बेताची असेल तर तो प्रत्येकीच्या नावावर पुन्हा पुन्हा धरला जातो. शिवाय रिकामी रॅम भरपूर असताना ब्राउझरने ती वापरणे हा दोष नव्हे. दुसऱ्या प्रोग्रॅमला गरज पडताच ती सोडली जाते की नाही, ही खरी कसोटी. वापरात नसलेले टॅब मेमरीतून उतरवण्याची फायरफॉक्सची २०२१ मधील आणि क्रोमची २०२२ मधील सोय याच कसोटीला उतरण्यासाठी आहे.

ब्राउझरला बाहेरून जोडलेल्या विस्तारांचा परिणाम किती मोठा असू शकतो, हे कोलोन येथील आयो या कंपनीच्या ॲडब्लॉक प्लस या जाहिरातरोधकाच्या उदाहरणातून स्पष्ट झाले. मे २०१४ मध्ये मोझिलाचे अभियंते निकोलस नेदरकोट यांनी मोजणी प्रसिद्ध केली : हा विस्तार नुसता चालू केल्याने फायरफॉक्सची मेमरी सुमारे ६० ते ७० मेगाबाइटने वाढत होती, एका परिचित बातमीस्थळावर ती १९४ वरून ४१७ मेगाबाइटवर जात होती, आणि ४०० हून अधिक आयफ्रेम, म्हणजे पानात बसवलेली उपपाने, असलेल्या एका चाचणीवजा पानावर ३७० वरून थेट १,९६० वर. कारण सरळ होते. जाहिरातींचे घटक लपवण्यासाठी हा विस्तार हजारो नियमांची एक मोठी शैलीपत्रिका प्रत्येक उपपानात घालत असे आणि फायरफॉक्स तिची वेगळी प्रत प्रत्येक ठिकाणी करत असे. एका प्रतीचे सुमारे ४ मेगाबाइट चारशेने गुणले की आकडा समजतो. सप्टेंबर २०१५ मधील फायरफॉक्सच्या ४१ व्या आवृत्तीत या माहितीची एकच प्रत सर्व उपपानांत वाटून वापरण्याची व्यवस्था आली. दोष एकट्या विस्ताराचा नव्हता आणि एकट्या ब्राउझरचाही नव्हता. दोन निर्दोष वाटणारे निर्णय एकत्र आल्याने तो उद्भवला होता. जाहिरात अडवली की तिची चित्रे आणि संहिता मेमरीत येतच नाहीत, हीदेखील त्याच हिशेबाची जमेची बाजू आहे आणि ती विसरून चालणार नाही.

याच कंपनीवर ॲक्सेल स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेने भरलेल्या खटल्यांनी ब्राउझरची मेमरी न्यायालयात नेली. स्पर्धाविषयक कायद्याखालील दावा कार्ल्सरूह येथील संघीय न्यायालयाने १९ एप्रिल २०१८ रोजी फेटाळला. त्यानंतरचा दावा कॉपीराइटचा आहे : संकेतस्थळाची संहिता हा संरक्षित संगणक-प्रोग्रॅम आहे, ती वाचून ब्राउझर मेमरीत ज्या रचना तयार करतो त्या त्या प्रोग्रॅमचाच आविष्कार आहेत आणि जाहिरातरोधक त्यांत बदल करतो तेव्हा प्रोग्रॅममध्येच विनापरवाना फेरफार करतो, असे प्रकाशनसंस्थेचे म्हणणे. हॅम्बुर्गच्या दोन्ही न्यायालयांनी ते नाकारले. दरम्यान सोनीच्या एका खटल्यात युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये असे ठरवले की प्रोग्रॅमची संहिता न बदलता, तो चालू असताना मेमरीत ठेवलेल्या चलांची केवळ मूल्ये बदलणे हा त्या प्रोग्रॅमच्या कॉपीराइटचा भंग नव्हे. तरीही ३१ जुलै २०२५ रोजी कार्ल्सरूहच्या न्यायालयाने हॅम्बुर्गचा निकाल अंशतः रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले, कारण ब्राउझरमध्ये चालणाऱ्या संहितेचे तांत्रिक स्वरूप पुरेसे तपासले गेले नव्हते.

या वादात वाचकाचा पक्ष उघडपणे घेणे आवश्यक आहे. रॅम वाचकाने विकत घेतलेली, वीज त्याची, पडदा त्याचा. आलेल्या संहितेतील काय उलगडायचे आणि काय नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडून गेला, तर अंधांसाठी पान वाचून दाखवणारी साधने, भाषांतराचे विस्तार आणि अक्षरे मोठी करणारी सोय यांच्यावरही उद्या हीच हरकत घेता येईल, कारण तीही मेमरीतील रचनेलाच हात लावतात.

जर्मनीतच या विषयाला एक विधायक वळणही मिळाले आहे. १९७८ पासून पर्यावरणपूरक वस्तूंना दिले जाणारे ‘ब्लाउअर एंगेल’ हे मानचिन्ह २०२० पासून सॉफ्टवेअरसाठीही खुले झाले. त्यासाठी प्रोसेसर, मेमरी आणि विजेचा वापर मोजून दाखवावा लागतो आणि किमान पाच वर्षे जुन्या संगणकावर प्रोग्रॅम चालतो हे सिद्ध करावे लागते. मोजणीच्या पद्धती घडवण्यात बिर्केनफेल्ड येथील पर्यावरण-परिसर संस्थेचा वाटा आहे, आणि २०२२ मध्ये हे मानचिन्ह मिळवणारे पहिले सॉफ्टवेअर होते केडीईचेच ओक्युलर, दस्तऐवज वाचण्याचे साधन. जुने यंत्र चालू राहावे ही अट साधी दिसते, पण मेमरी कमी पडते म्हणून धडधाकट संगणक भंगारात काढण्याची सवय जिथे पडली आहे तिथे तिचे मोल मोठे आहे.

महाराष्ट्रात शासकीय अर्ज, निकाल, सातबारा आणि शिष्यवृत्त्या आता ब्राउझरमधूनच मिळतात, आणि ते उघडणारा फोन बहुधा महागाचा नसतो. ही संकेतस्थळे उभारणाऱ्यांनी ती प्रसिद्ध करण्यापूर्वी २ गिगाबाइट रॅमच्या फोनवर, आणखी चार टॅब उघडे ठेवून, एकदा स्वतः चालवून पाहावीत. निविदेतच तशी अट घालता येते आणि ती घालावी.